बास्केटबॉल खेळणारी मुलगी पुढे काय करते?



आपल्या रावेतच्या नदीवरील मोठ्या पुलाला सगळे लोक ‘बास्केट ब्रिज’ म्हणतात. टोपलीच्या कडीसारखी त्याची कमान दिसते म्हणून ते नाव पडले. त्यात खेळाचा काही संबंध नाही. परंतु आजच्या विषयाचा उगमही एका टोपलीतच आहे, म्हणून या पुलावरूनच आपण विषयात शिरू.

डिसेंबर १८९१. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची एक शिक्षणसंस्था होती. बाहेर बर्फ पडलेले, आणि तरुण विद्यार्थी चार भिंतींच्या आत कवायती करून कंटाळलेले. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला वरिष्ठांनी सांगितले की, या मुलांसाठी घरात खेळता येईल असा काही खेळ काढा. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या मागवल्या आणि व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन्ही टोकांस ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. तेव्हापासून आजतागायत ती उंची दहा फूटच राहिली आहे. खेळाडू उंच होत गेले, नियम शेकड्यांनी बदलले, टोपलीची लोखंडी कडी झाली, कडीला जाळी आली. पण एका सुताराच्या सोयीने ठरलेले ते दहा फूट कोणी हलवले नाहीत.

हा खेळ पुरुषांसाठी निघाला, आणि जेमतेम वर्षभरात तो मुलींच्या हाती गेला. जवळच्याच नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन नावाच्या व्यायामशिक्षिका होत्या. त्यांनी १८९२ मध्ये हा खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला, आणि मार्च १८९३ मध्ये तेथे दोन वर्गांतील मुलींचा सामना झाला. प्रेक्षकांत पुरुषांस मज्जाव होता. परंतु बेरेन्सनबाईंनी खेळ जसाच्या तसा घेतला नाही. त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या मुलीला जो भाग नेमून दिला तिने त्याबाहेर पाऊल टाकायचे नाही असे ठरवले. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही, तीनपेक्षा अधिक टप्पे मारायचे नाहीत, असेही नियम केले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलींच्या प्रकृतीला धावपळ मानवत नव्हती, आणि मुली रेटारेटी करू लागल्या तर पालक खेळच बंद पाडतील ही भीती होती. मला वाटते, ती बाई शहाणी होती. तिने खेळ कापून घेतला आणि वाचवला. पण तात्पुरती म्हणून घातलेली बंधने किती दिवस टिकतात ते पाहा. मैदानाचे तुकडे करण्याची ही रीत, पुढे तीनांचे दोन होऊन, अमेरिकेतील मुलींच्या खेळात जवळजवळ ऐंशी वर्षे चालली. तीन मुली नुसत्या गुण करणाऱ्या, तीन नुसत्या अडवणाऱ्या, आणि मधल्या रेषेपाशी सगळ्यांनी थबकायचे. महाविद्यालयीन मुलींना पुरुषांसारखा पाच जणींचा, सबंध मैदानाचा खेळ अधिकृतपणे मिळाला तो १९७१ मध्ये. आयोवा प्रांतातील शाळांत तर सहा जणींचा तो जुना खेळ १९९३ पर्यंत चालू होता.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, जिची हकीकत मला आज सांगायची आहे ती मुलगी नेमकी त्या दाराशी उभी होती. दार उघडले आणि ती आत गेली.

तिचे नाव लुशिया हॅरिस. जन्म १० फेब्रुवारी १९५५, मिसिसिपी प्रांतातील मिंटर सिटी या खेड्यात. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कसणारे काळे शेतकरी. अकरा भावंडांत ही दहावी. कापूस वेचणे हे घरातल्या सगळ्यांचेच काम होते. रात्री आई ‘झोपा आता’ म्हणायची, आणि ही पोर दूरचित्रवाणी संचावर गोधडी पांघरून तिच्या आत डोके घालून ऑस्कर रॉबर्टसनसारख्या नामांकित खेळाडूंचे सामने पाहायची. शाळेत तिची उंची सहा फूट तीन इंचांवर गेली. ‘उंच आणि लांब, बाकी काही नाही’ अशा अर्थाचे यमक जुळवून मुले तिला चिडवीत. आपल्याकडेही उंच मुलीला काय काय ऐकावे लागते हे येथे बसलेल्या आयांना मी सांगायला नको. लग्न कसे जमणार, हा प्रश्न तर शेजारीच आधी विचारतात.

ग्रीनवूडच्या शाळेत ती चमकली. पुढे ज्या महाविद्यालयात जायचे तिने मनात धरले होते तेथे मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. म्हणजे तिचा खेळ तेथेच संपायचा. इतक्यात क्लीव्हलंड गावच्या डेल्टा स्टेट या महाविद्यालयाने तिला बोलावले. या महाविद्यालयाचीही एक कथा आहे. १९३० च्या सुमारास तेथे मुलींचा संघ होता. मग हा खेळ तरुणींना झेपणारा नाही असे सांगून अधिकाऱ्यांनी तो बंद केला, आणि मुलींनी रडत आपले गणवेश जाळून टाकले. त्या मुलींपैकी एक मार्गारेट वेड. ती पुढे शाळांतून वर्षानुवर्षे मुलींना खेळ शिकवत राहिली. चाळीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच महाविद्यालयाने मुलींचा संघ पुन्हा उभा करायचे ठरवले तेव्हा साठी ओलांडलेल्या वेडबाईंनाच मार्गदर्शक म्हणून बोलावले. हे एकाएकी सुचलेले शहाणपण नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. संस्थांना मुलींच्या खेळाची आठवण झाली ती त्यानंतर. तरी लुशियाला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. अभ्यासाची शिष्यवृत्ती आणि महाविद्यालयातच काही काम, अशा मेळावर तिने शिक्षण केले. संघात काळी मुलगी ती एकटीच.

ती जेथे उभी राही त्या जागेला या खेळात ‘सेंटर’ म्हणतात. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाच जणींपैकी एखादी चेंडूचे टप्पे मारीत तो पुढे आणते. दोघी-तिघी लांबून नेम धरतात. सेंटर मात्र कडीच्या अगदी खाली, पाठीमागे प्रतिस्पर्धी मुलगी ढकलत असताना, कडीकडे पाठ करून उभी असते. चेंडू तिच्याकडे येतो, ती एका पायावर गिरकी घेते आणि फळ्याचा आधार घेऊन चेंडू आत सोडते. याहून कष्टाचे काम म्हणजे चुकलेला चेंडू. कोणाचाही नेम चुकला की चेंडू कडीवर आपटून उसळतो, आणि तो ज्याच्या हाती येईल त्याला पुन्हा संधी मिळते. याला रिबाउंड म्हणतात. नवख्याला वाटते, उंच असेल तिला तो मिळणारच. तसे नाही. चेंडू सुटण्याच्या आधीच तो कोठे पडेल याचा अदमास घेऊन, प्रतिस्पर्ध्याला पाठीशी घालून, ती जागा अडवावी लागते. भाजी मंडईत पहाटे गाडी यायच्या आत मोक्याची जागा धरणारी बाई असते ना, तिची नजर येथे हवी. लुशियाने महाविद्यालयातील आपल्या सामन्यांत दर सामन्यामागे सरासरी जवळजवळ २६ गुण केले आणि १४ हून अधिक चेंडू असे उसळीवर मिळवले. एकूण गुण २,९८१. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत तेव्हा नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

त्या वेळी मुलींच्या महाविद्यालयीन खेळात इमॅक्युलाटा हे पेन्सिल्व्हेनियातील छोटे कॅथलिक महाविद्यालय अजिंक्य मानले जाई. ओळीने तीन वर्षे त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद राखले होते. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने त्यांना ९०-८१ असे हरवले. संघ पुन्हा सुरू होऊन दुसरेच वर्ष होते ते! १९७६ मध्ये पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा तोच निकाल. १९७७ मध्ये लुइझियाना स्टेटला हरवून तिसरे विजेतेपद. मधल्या काळात ओळीने ५१ सामने या मुली हरल्या नाहीत. ज्या प्रांतात दहा-बारा वर्षांपूर्वी काळ्या विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश देताना सैन्य आणावे लागले होते, तेथे गोऱ्या विद्यार्थ्यांनी या काळ्या मुलीला महाविद्यालयाच्या वार्षिक मेळाव्याची राणी म्हणून निवडले.

१९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच आला. अमेरिकेचा पहिला सामना जपानशी होता, आणि त्या सामन्यात पहिले गुण लुशियाने केले. स्त्रियांच्या बास्केटबॉलचे ऑलिंपिकमधील सर्वांत पहिले गुण ते हेच. गंमत अशी की तो सामना जपानने जिंकला. अमेरिकेला शेवटी रौप्यपदक मिळाले, सुवर्ण सोव्हिएत संघाला.

येथवर ही यशाची चढती कमान आहे. आता उतार पाहा.

१९७७ साली ती पदवीधर झाली. वय बावीस. आपल्या देशातील सर्वांत चांगली खेळाडू म्हणून जिचे नाव सगळ्यांच्या तोंडी, ती मुलगी महाविद्यालयाच्या दारातून बाहेर पडली आणि तिला खेळायला जागा उरली नाही. स्त्रियांसाठी व्यावसायिक स्पर्धा नव्हती. पुरुषांची मात्र होती. त्या पुरुषांच्या स्पर्धेतील न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने खेळाडू निवडताना सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकाला, लुशिया हॅरिसचे नाव पुकारले. पुरुषांच्या त्या संघटनेने अधिकृतपणे निवडलेली ती पहिली स्त्री. आधी १९६९ मध्ये एका मुलीचे नाव घेतले गेले होते ते संघटनेने रद्दच केले होते. लुशिया चाचणीला गेली नाही. तिला दिवस गेले होते. आणि तसे नसते तरी पुरुषांच्या गर्दीत आपण टिकणार नाही हे ती जाणून होती. पुष्कळ लोक ही निवड म्हणजे तिच्या कारकिर्दीचा कळस मानतात. मला तसे वाटत नाही. संघाला वर्तमानपत्रांतून नाव हवे होते असा त्या वेळीही अनेकांचा समज होता, आणि तो खोटा म्हणवत नाही. जिला खरोखर खेळायचे आहे तिला पुरुषांच्या पंगतीतले एक पान मांडून दाखवायचे, पण स्वतःची पंगत द्यायची नाही, यात कसला सन्मान?

पुढे स्त्रियांची एक व्यावसायिक लीग निघाली. १९७९-८० मध्ये ती ह्यूस्टन एंजल्सकडून खेळली. ती लीग १९८१ मध्ये बुडाली. आज अमेरिकेत स्त्रियांची जी लीग चालते ती १९९७ मध्ये सुरू झाली. तेव्हा लुशिया बेचाळीस वर्षांची होती. मधल्या काळात ती आपल्याच महाविद्यालयात प्रवेशविभागात नोकरीला होती, तेथे मुलींना शिकवायला मदत करी. मग ग्रीनवूडला आपल्या जुन्या शाळेत शिक्षिका आणि मार्गदर्शक झाली. मनाच्या आजाराने तिला पुष्कळ वर्षे छळले. ते तिने लपवले नाही. १९९२ मध्ये नेस्मिथच्या नावाच्या बास्केटबॉल सन्मानदालनात तिची निवड झाली, आणि तेथे तिच्याबरोबर मंचावर होता तो ऑस्कर रॉबर्टसन. गोधडीखाली जाग्रण करून जिने त्याचे सामने पाहिले तिला त्या क्षणी काय वाटले असेल हे शब्दांत सांगणे कठीण. १८ जानेवारी २०२२ रोजी ती वारली. तिच्यावरील लघुपटाला त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. म्हणजे जगाला ती पुन्हा आठवली तेव्हा ती नव्हती.

असो. मिसिसिपी दूर आहे. आता पवनेच्या काठी येऊ.

आपल्या देशात हा खेळ आणला तो त्याच यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनने. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथे शिकलेल्या शिक्षकांनी तो गावोगाव नेला. पुण्यालाही व्यायामाची परंपरा जुनी. कॅप्टन दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. रावेतहून महामार्गाने निघालो की थोड्याच वेळात बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधले गेले. सोळा वर्षांखालील मुलींची पहिली आशियाई बास्केटबॉल स्पर्धा २००९ मध्ये भरली तीही पुण्यातच.

या पुण्याचीच शिरीन लिमये. शिरीनताईंचे नाव आपल्या घराघरांत क्रिकेटपटूंइतके ठाऊक नाही, यात दोष त्यांचा नाही. जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे आशियाई चषकाच्या ‘ब’ विभागाची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. दोन गुणांचा फरक म्हणजे एक टोपली! त्या विजयी संघात शिरीन होत्या. त्याच संघात चेन्नईच्या अनिता पॉलदुराई होत्या. आशियाई स्पर्धा ओळीने नऊ वेळा खेळलेली, आणि आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेली ही खेळाडू. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. लुशियाच्या बाबतीत चाळीस वर्षांपूर्वी जेथे वाट संपली होती तेथून ही बाई परत फिरून आली, हे मला त्या सुवर्णचषकाहून मोठे वाटते.

या विजयाने भारत वरच्या विभागात गेला, आणि तेथे काय वाट्याला आले तेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या सप्टेंबरात अम्मान येथे आशियाई चषक झाला. भारताची कर्णधार शिरीन. समोर जपान; काही आठवड्यांपूर्वीच टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेला संघ. त्यांनी आपल्याविरुद्ध शंभराच्या पुढे गुण केले. आपण आठ संघांत आठवे आलो. अशा वेळी कर्णधाराचे काम काय असते? धावफलकाकडे न पाहता पुढचा चेंडू अडवायचा, आणि आपल्याहून लहान मुलींना मान खाली घालू द्यायची नाही. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, हांगझो येथील आशियाई खेळांत त्याच शिरीनच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशियाला ६६-४६ आणि मंगोलियाला ६८-६२ असे हरवून उपान्त्यपूर्व फेरी गाठली. तेथे उत्तर कोरियाने अडवले.

जपान आणि आपल्यामधील हे अंतर उंचीचे आहे असे पुष्कळ जण म्हणतात. जपानच्या मुली काही ताडमाड नाहीत. तेथे कारखाने आणि कंपन्या स्त्रियांचे संघ बाळगतात; मुलगी शाळेतून निघाली की कंपनीच्या संघात जाते, पगार घेते आणि वर्षभर खेळते. फरक आहे तो या वर्षभराचा. आपल्याकडे हे काम एकट्या रेल्वेने पुष्कळ अंशी केले. स्त्रियांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे पुढे असतो त्याचे इंगित हेच आहे: खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर मुलीला नोकरी मिळते, सरावासाठी रजा मिळते, आणि म्हणून ती पंचविशीनंतरही खेळते. शिरीनही रेल्वेकडूनच खेळल्या. अनिताही रेल्वेच्याच. महाराष्ट्रात घडलेली मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध खेळताना दिसते, आणि आपण टाळ्या कोणासाठी वाजवाव्या हे कळत नाही! पण तिला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याने पगार दिला त्याच्याकडून ती खेळते.

तुम्ही म्हणाल, आमच्या भोवती तर एवढे कारखाने आहेत. भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात. यातील प्रत्येकाने मुलींचा एक संघ बाळगला तर? विचार वेडा नाही. जपानने तेच केले. कारखानदार श्रोत्यांत असतील तर त्यांनी हिशेब करून पाहावा. बारा खेळाडूंचा संघ म्हणजे बारा पगार, एक मार्गदर्शक आणि एक मैदान. मैदान लागते ते २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. 

तोवर पालकांच्या हाती जे आहे ते सांगतो, कारण व्याख्यानानंतर तोच प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला नियमानुसार वाढीव गुणही मिळतात. त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. ही पडताळणी नोकरीची जाहिरात आल्यावर करू म्हटले की वेळ हातची जाते. तेव्हा मुलगी जिल्ह्याच्या, राज्याच्या, आंतरविद्यापीठ स्पर्धेतून घरी आली की तिचे पदक भिंतीवर लावा, पण प्रमाणपत्र फायलीत ठेवा, आणि त्याची एक प्रत काढून त्याच आठवड्यात कोणत्या कार्यालयात द्यायची ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारून घ्या.